भुरीचं पोट

मोरीच्या कडेला, शहाबादी फरशीवर, जे होतं ते असं: भाताची अकरा शितं, त्यांतली सात अख्खी, करंगळीच्या पेराएवढी केसांची गुंतवळ, निळ्या लोकरीचा एक धागा, आणि फेसाळ पिवळं पाणी, साधारण दोन चमचे. तिथून दाराकडे जाताना तीन ठिकाणी पातळ शी, दर ठिकाणी आधीपेक्षा थोडी कमी. दाराच्या फळीवर नखांचे ताजे ओरखडे. दार सताड उघडं. बाहेर रस्त्यावर आई, आणि आमच्याकडे खोल्या करून राहिलेल्या चार पोरी, शाली गुंडाळून, उजाडायची वाट बघत उभ्या. एकीच्या हातात चपला, एकीच्या हातात भौतिकशास्त्राचं गाईड. भुरी कंपाउंडच्या भिंतीवर बसून शेपटीखालचं अंग चाटत होती. या बायांना इतक्या पहाटे रस्त्यावर कुणी आणलं, याची तिला काही खबर नसावी.

आईनं आणलं होतं. भुरी दाराकडे धावली, ओरडली, फळी खरवडायला लागली की आई ताट वाजवून सगळ्यांना उठवायची आणि हाताला धरून बाहेर काढायची. तिचं अंथरूण उंबऱ्याला लागूनच असायचं, उशी दाराच्या फटीपाशी. लातूरला राहायला आलो तेव्हापासून ती आतल्या बाजूला कधी झोपलीच नव्हती. घर बांधतानाही गवंड्याशी भांडून तिनं वर स्लॅब टाकू दिला नव्हता. पत्रा पडला तर माणूस जखमी होतं, मरत नाही, असा तिचा हिशोब होता, आणि त्यात चूक काढण्यासारखं मला काही सापडलं नाही. पोरी उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली भाजून निघायच्या, पण क्लास जवळ होता आणि आईच्या हातचं जेवण चांगलं होतं, म्हणून टिकून होत्या. आता बारावीची परीक्षा तोंडावर आलेली. त्या महिन्यात ही चौथी वेळ. उदगीरची इकरा, चौघींत जिभेनं सगळ्यात सैल, शाल सावरत म्हणाली, "मावशी, आज बायोलॉजीची टेस्ट हाय. भूकंपाला सांगा ना, रविवारी ये म्हणून." बाकीच्या तिघी हसल्या. आई हसली नाही. तिचे डोळे भिंतीवरच्या मांजरावर होते. "भुरी उठली की आपुन उठायचं," ती म्हणाली. "इचार करत बसायचं न्हाई." मी फडकं आणि राख घेऊन आत गेले. फरशी पुसताना मला एवढंच दिसत होतं की हे मांजर पोटानं आजारी आहे. त्याचं पोट नीट झालं, तर आई एक पूर्ण रात्र झोपेल. ती झोपल्याला किती दिवस झाले असतील, हे तिच्या डोळ्यांखाली कुणालाही वाचता आलं असतं. आणि ती अशीच जागत राहिली, तर आधी पोरी जातील, मग ती स्वतः.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंपाला आता आठवं वर्ष होतं. त्या पहाटेची गोष्ट आई नव्या येणाऱ्या प्रत्येक पोरीला एकदा सांगायची, आणि सांगायची ती पहिली अर्धीच. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. प्रसादाच्या खिरीचं पातेलं चुलीपाशी तसंच. घरातलं मांजर ते चाटून चाटून स्वच्छ करून बसलेलं, आणि पहाटे तेच मांजर दाराशी येऊन रडायला लागलं. त्याला घालवायला म्हणून ती उठली, कडी काढली, अंगणात पाय ठेवला, आणि मागं घर बसलं. "मुक्या जनावराला कळतं," इथं तिची गोष्ट संपायची. पोरी मान हलवायच्या. माझे वडील, अप्पा, आत होते हे ती सांगायची नाही. पोरींना ते भिंतीवरच्या फोटोवरून कळायचं. फोटोखाली नाव होतं, श्रीमंत, आणि तारीख, जी या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. दगडमातीची दीड हात रुंद भिंत, पिढ्यान्‌पिढ्या थंडावा देणारी. मी तेव्हा नांदेडला मामाकडे दहावीला होते. तिथंही हादरा बसला होता. मामी सांगते, भिंतीवरच्या डाव-पळ्या एकमेकींवर वाजल्या, मामा उठून बसले, शेजारी रस्त्यावर आले. मला जाग आली नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट घडत होती आणि मी कूस बदलून झोपले होते, हे मामीनं नंतर सहज सांगितलं. तेव्हापासून मी त्या पहाटेविषयी सगळं वाचलं. जमिनीत लाटा किती वेगानं जातात, पहिली कोणती येते, नंतरची कोणती. काळ्या मातीखालच्या बसाल्टविषयी वाचलं. नांदेडला राहून बी.एस्सी. केलं तेव्हा ग्रंथालयातली त्या विषयावरची पुस्तकं माझ्याच नावावर असायची. जे अंगाला जाणवलं नाही ते कागदावरून भरून काढावं, असं काहीतरी मनात असेल. भरून निघालं नाही, पण मोजण्याची सवय लागली.

त्या सवयीवरच मला लातुरात काम मिळालं. मी एका क्लाससाठी वस्तुनिष्ठ प्रश्न तयार करते. एक प्रश्न, चार पर्याय, एकच बरोबर. बाकीचे तीन असे रचायचे की हुशार पोरगंही क्षणभर अडखळावं. दिवसभर हे केलं की माणूस घरीही पर्यायांतच विचार करायला लागतो. भुरी आजारी आहे, कारण जंत, कारण अन्न, कारण विषारी काहीतरी चाटते, कारण यांपैकी नाही. मी काडेपेटीत नमुना घेतला, भुरीला भाजीच्या पिशवीत घातलं, आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं रांगेत माझ्यापुढे दोन म्हशी होत्या आणि एक कालवड, आणि त्यांचे मालक पिशवीतल्या आवाजाकडे बघून हसू दाबून राहिले होते. डॉक्टरांचं नाव नरसिंग. त्यांनी काडेपेटी उघडून वास घेतला, इतक्या सहजपणे की मला त्यांच्याविषयी एकदम आदर वाटला. म्हणाले, या दवाखान्यात आणायला निघालेलं हे दुसरं मांजर. पहिलं वाटेतच पळालं, बाई नुसती पिशवी घेऊन आली होती. पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या. जंताच्या गोळीचा तुकडा दिला. काय खायला घालता, विचारलं. दूध-भाकरी, दूध-भात, मी सांगितलं. आमच्या घरात दुसरं काय असणार. "दूध बंद करा," ते म्हणाले. "पिल्लू असतं तोवर पचतं, मोठ्या मांजराला बऱ्याचदा पचत नाही." हे मला माहीत असायला हवं होतं. दुधातली साखर फोडणारं विकर वयाबरोबर कमी होतं, यावर मीच प्रश्न काढला होता, चारही पर्यायांसकट. निघताना डॉक्टर म्हणाले, "एक लक्षात ठेवा. जनावर काही सांगत नाही, आणि मालक खरं सांगत नाही. मधल्यामधे आम्ही."

मी एका वेळी एकच गोष्ट बदलायची ठरवलं. आधी गोळी. आठवडाभर थांबले. फरक नाही. मग दूध. हे सोपं नव्हतं, कारण आमच्या घरात दुधाचा पूर होता. बारावीच्या पोरीच्या बापाला लातुरात दोन गोष्टी हव्या असतात, क्लासला पुढचा बाक आणि रात्री पोरीच्या पोटात ग्लासभर दूध. दुधानं डोकं चालतं. म्हणून आई रोज रात्री चार ग्लास भरून चार खोल्यांत ठेवायची, आणि साय आली म्हणून, झोप येते म्हणून, नुसता कंटाळा आला म्हणून, प्रत्येक पोरगी त्यातलं निम्मं भुरीला पाजायची, आणि प्रत्येकीला वाटायचं की हे आपलं एकटीचं गुपित आहे. मी चौघींना बसवून विचारलं तेव्हा त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. "म्हंजे तू पण?" इकरानं शेजारणीला विचारलं, आणि मग चौघीही हसून हसून लोळल्या. चौघींच्या डोक्यात जाणारं दूध एका मांजराच्या पोटात जात होतं. इकरा म्हणाली, तिलाच बसवू सीईटीला, मावशीचं नाव काढेल. पण दूध न पाजण्याचा शब्द त्यांनी पाळला. शिवाय अंड्याची सोय इकरानं केली. आईच्या चुलीवर अंडं चढत नाही, म्हणून पाण्याच्या किटलीत, खोलीबाहेर ओट्यावर, तिनं रोज एक अंडं उकडलं, आणि आईनं त्या बाजूला पाठ करून भाजी निवडली. भात, भाताची पेज, अंड्याचा पांढरा भाग. चौथ्या-पाचव्या दिवसापासून भुरीची शी घट्ट झाली. मातीत खड्डा करून, नीट झाकून, सभ्य मांजरासारखी. तिच्या अंगावरचे केस बसले, डोळ्यांतलं पाणी गेलं. ती रात्री माझ्या पायाशी मुटकुळं करून पडायची ती सकाळी मी पाय ओढला तरच उठायची. घर शांत झालं. पोरींचे चेहरे ताजे झाले. मी क्लासमध्ये एका दिवसात साठ प्रश्न काढले आणि मुख्य सरांनी त्यातला एकही परत पाठवला नाही. शिस्तीनं, पायरीपायरीनं गेलं की उत्तर येतं, याचा जो आनंद असतो तो मला बरेच दिवसांनी झाला, आणि त्या आनंदात मी आईकडे बघायचं विसरले.

आई झोपत नव्हती. मला हे उशिरा कळलं, कारण ताट वाजायचं थांबलं म्हणजे सगळं थांबलं असं मी धरून चालले होते. ती उंबऱ्याशी बसून असायची, भिंतीला पाठ लावून, आणि अंधारात भुरीकडे बघायची. दिवसा तिच्या हातून मीठ दोनदा पडायला लागलं. एकदा तव्यावर भाकरी टाकून ती त्या भाकरीकडेच बघत राहिली, काळी होईपर्यंत. मी म्हटलं, आता तर भुरी बरी झाली. ती म्हणाली, हाव, लई बरी झाली. तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. मग एका सकाळी मोरीपाशी पुन्हा फेस, दारापाशी पुन्हा तीच पातळ रेघ, आणि पाच जणी पुन्हा रस्त्यावर. दोन दिवसांनी परत. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो मांजरासाठी कमी आणि माझ्या प्रयोगासाठी जास्त होता. मी इकराला धरलं. तिनं स्वतःच्या आईची शपथ घेतली, मग कुराणाची, मग माझ्या समाधानासाठी रसायनशास्त्राच्या पुस्तकाची. मी अंडी तपासली, पेज तपासली, शेजारच्या कचऱ्यापर्यंत भुरीच्या मागं फिरले. एखादा पाचवा पर्याय होता आणि तो मला सुचत नव्हता. नांदेडला प्रयोगशाळेत आमचे सर म्हणायचे की निकाल विचित्र आला तर आधी निसर्गावर संशय घेऊ नका, भांडं कुणी धुतलं ते बघा.

त्या दिवशी क्लासमध्ये वीज गेली म्हणून मी दुपारीच घरी आले. पोरी क्लासला. ओट्यावर आई उकिडवी बसलेली, पुढे बशी, बशीत दूध, आणि भुरी डोळे मिटून चाटतेय. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझी चाहूल लागली तरी तिनं हात थांबवला नाही. बशीही लपवली नाही.

"आई, तूच देऊन राहिलीस?"

"हाव."

मी शेजारी बसले. मी तिला सांगितलं की याच्यानं भुरीच्या पोटात कळा येतात, तिला त्रास होतो. आई म्हणाली, ते मला दिसतं, मला डोळे आहेत. मग काही वेळानं, बशीकडे बघतच, म्हणाली, "तू बरी केलीस आन्‌ ही रातभर लोळाय लागली. कानाशी भांडं पडलं तरी हालत न्हाई. मग मी कुणाच्या भरवशावर डोळा लावू, शिल्पे? दूध पाजलं की जागी तर ऱ्हाती."

मला ते एकदम स्वच्छ दिसलं. माझी नोंद बरोबर होती. दूध दिलं की मांजर दाराकडे धावतं. आईचीही तीच नोंद होती, फक्त तिला ते धावणंच हवं होतं. मी म्हटलं, ती पोटात कळ येते म्हणून दाराकडे जाते. जमिनीतलं तिला काही कळत नाही. आणि मग, जे इतकी वर्षं माझ्याही डोळ्यांसमोर होतं आणि मला त्याच क्षणी दिसलं, ते माझ्या तोंडून निघून गेलं. त्या रात्रीच्या मांजरानंही खिरीचं पातेलं चाटलं होतं. तेही पोटानंच उठलं असेल.

बोलल्यावर वाटलं, हे बोलायला नको होतं. आठ वर्षं ती ज्या एका गोष्टीला धरून उभी होती ती मी काढून घेतली, तीही एका विकराच्या जोरावर. भुरीनं बशी संपवली, मिशा पुसल्या. रस्त्यावरून लाऊडस्पीकर लावलेली रिक्षा गेली, कुठल्या तरी क्लासचे पहिले दहा नंबर सांगत. नावं, टक्के, नावं, टक्के.

"आसंल," ती म्हणाली. "पातेलं म्याच झाकायचं इसरले व्हते." मग तिनं पदराच्या टोकानं भुरीच्या हनुवटीवरचा दुधाचा थेंब टिपला. "कशानं का उठली आसंना. मला तर उठिवलं. तुज्या अप्पाला म्या न्हाई उठिवलं." तिनं रिकामी बशी उचलली. "मांजर भायेर घालून येते, म्हनलं. परत येऊन निजायचंच व्हतं की."

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मी पहिल्यांदा ऐकला. तो दोन-तीन वाक्यांचा होता. एवढ्या वर्षांत मी लाटांचे वेग पाठ केले होते, आणि हे विचारलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडली नाही. म्हणाली, चहा टाक. मी चहा टाकला. संध्याकाळी बशी मोरीत धुऊन पालथी घातलेली दिसली. त्या आठवड्यात भुरी पुन्हा सुधारत गेली, आणि आई पुन्हा उंबऱ्याशी बसून राहिली, पण आता तिची नजर मांजरावर नसायची. ती नुसती बसायची, हात फरशीवर टेकून, तळवा पसरून. कधीकधी मला जाग आली तर मी तिला तशी पाहायचे. काय करतेस, म्हटलं तर म्हणायची, काही न्हाई, थंड लागतंय, बरं वाटतंय.

नंतरच्या रविवारी दुपारची गोष्ट. पोरी आपापल्या खोल्यांत वाचत होत्या, मी दारापाशी प्रश्न तपासत होते, आई सुपात ज्वारी निवडत होती. भुरी गुंडाळलेल्या गादीवर उताणी, चारी पाय चार दिशांना. आईचा हात सुपावर थांबलेला मी पाहिला. मग तिनं सूप खाली ठेवलं आणि ओरडली, "पोरीहो, भायेर!" ताट नाही, काही नाही, नुसता आवाज, पण तो आवाज असा होता की मी जागेवरून उठलेली मला आठवत नाही, बाहेर उभी असलेलीच आठवते. पत्रा वाजला तो त्यानंतर. खालून जड गाडी गेल्यासारखी घरघर, खांबावरच्या तारा हलल्या, समोरच्या घराच्या गॅलरीतून एक कुंडी आली आणि फुटली. तळपायाला जाणवलं. पहिल्यांदाच जाणवलं, आणि लाटांविषयी वाचलेलं त्या वेळी काहीच आठवलं नाही. चारही पोरी बाहेर होत्या, इकरा एका पायात चप्पल घालून. गल्ली भरली. आई एकेकीच्या खांद्याला हात लावत होती, पुटपुटत. मग ती थबकली.

"भुरी कुठाय?"

आणि मी तिचा पदर धरेपर्यंत ती आत गेलेली होती. मी दाराशी जाऊन ओरडले. उंबऱ्याच्या आत माझा पाय पडेना. जमीन थांबली होती की नाही, मला सांगता आलं नसतं. आत अंधार होता, पत्रा अजून कुरकुरत होता. मला वाटलं, त्या पहाटेही असंच झालं असेल, फक्त तेव्हा ती बाहेर होती. तेवढ्यात ती आली, घाई न करता, भुरीला खांद्यावर टाकून, जसं झोपलेलं लेकरू जत्रेतून आणतात. भुरीनं उन्हात डोळे किलकिले केले आणि जांभई दिली. गुलाबी टाळू, सगळे दात.

"मावशी," इकरा म्हणाली, "ही तर ढाराढूर झोपली व्हती. हिला कळलंच न्हाई."

"झोपू दे," आई म्हणाली. तिचा श्वास लागला होता, पण चेहरा मोकळा होता. मी तो तसा कधी पाहिला असेल तर फार लहानपणी. "तिला काय कळतंय. म्या हाय की जागी."

लोक बराच वेळ बाहेर बसून राहिले. कुणीतरी चहा केला, आमच्या पोरींनी रस्त्यावरच पुस्तकं उघडली. आई सगळ्यांत आधी आत गेली, सांडलेली ज्वारी सुपात भरली आणि पुन्हा निवडायला बसली, कारण संध्याकाळी दळण न्यायचं होतं. जेवणं झाल्यावर तिनं आपलं अंथरूण उचललं आणि आतल्या भिंतीशी, कोनाड्याखाली, टाकलं. भुरी तिच्या आधी त्याच्यावर जाऊन बसली. मला वाटलं, पाठ दुखत असेल, थोड्या वेळानं परत येईल.

सकाळी उठले तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं, दूधवाला हाक मारून गेला होता, आणि आई झोपलेली होती. पोरी पायांचा आवाज न करता डबे भरत होत्या. मी इकराची फूटपट्टी मागून घेतली आणि उंबऱ्यापासून आईच्या उशीपर्यंत, खडूनं खुणा करत, अंतर मोजलं. अकरा फूट चार इंच.